भंडारदऱ्यात केबिनमुक्काम: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पाण्याकाठी, डोंगराच्या कुशीत लाकडी किंवा बांबूच्या केबिनमध्ये दोन रात्री काढायच्या, तर तयारी कशी करावी, असं विचारणारी बरीच पत्रं आली. त्यांतली बहुतेक अकोले तालुक्यातल्या भंडारदऱ्याविषयी आहेत, म्हणून सगळी उत्तरं तिथलीच धरून दिली आहेत. पत्रांमध्ये दिवसाचे बेत भरपूर आहेत, रात्रीविषयी मात्र मोजक्यांनीच विचारलंय. अशा मुक्कामात घोटाळे होतात ते बहुतांशी अंधार पडल्यावर, त्यामुळे काही उत्तरांत आम्ही विचारल्यापेक्षा जास्त लिहिलं आहे.

आम्हाला अगदी पाण्याला लागून असलेली केबिन हवी आहे. मुलांच्या परीक्षा संपल्या की एप्रिलअखेर किंवा मेमध्ये जायचा विचार आहे. फोटोत पाणी व्हरांड्यापर्यंत दिसतं. खरंच तसं असतं का?
— कल्याणहून एक वाचक

फोटो खरा असेल, पण महिना वेगळा. भंडारदऱ्याचा जलाशय म्हणजे प्रवरा नदीवर १९२६ साली पुरं झालेल्या विल्सन धरणाचं पाणी. ते शेतीसाठी सोडलं जातं, त्यामुळे वर्षभर एका पातळीवर राहत नाही. बहुतेक वर्षी ऑगस्टमध्ये धरण भरतं, दिवाळीपर्यंत काठोकाठ दिसतं आणि मग आवर्तनं, म्हणजे शेतीच्या पाण्याच्या पाळ्या, सुटतील तसं उतरत जातं. मेमध्ये फुगवट्याच्या टोकाकडची पाणथळ उघडी पडते. रतनवाडी, मुरशेतकडच्या ‘पाण्याला लागून’ असलेल्या जागांवरून तेव्हा पाणी गाठायला भेगाळलेल्या, कडेला दलदलीच्या गाळातून बरंच चालावं लागतं. वरून वाळलेला दिसणारा हा गाळ खाली मऊ असतो. मुलांचे पाय त्यात गुडघ्यापर्यंत रुतू शकतात.

पाणी आणि हिरवाई दोन्ही हवी असेल तर ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते डिसेंबर हा काळ घ्या. मेच धरायचा असेल तर धरणाच्या भिंतीजवळ, शेंडी गावाच्या बाजूची जागा बघा. तिथे जलाशय खोल असल्यामुळे उन्हाळ्यातही पाणी नजरेत राहतं. केबिनमालकाकडून आदल्या मे महिन्यातला फोटो मागवा. तो बघितल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

जून ते सप्टेंबर हा वेगळाच प्रकार. घाटघर-रतनवाडीचा पट्टा राज्यातल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांत मोडतो. धबधबे मनसोक्त दिसतात, पण कपडे दोन दिवस वाळत नाहीत, वीज जाते, धुक्यात गाडी चालवावी लागते आणि गर्दीच्या शनिवार-रविवारी पोलिसांचे निर्बंध असू शकतात. पहिल्याच केबिनमुक्कामासाठी पावसाळा निवडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बांबूची, लाकडी, त्रिकोणी छपराची, कंटेनरची: इतक्या प्रकारांतून निवडायची कशी? मालकाला काय विचारावं?
— पुण्याहून एक वाचक

त्रिकोणी केबिन फोटोत सगळ्यांत सुंदर दिसते, पण छप्पर दोन्ही बाजूंनी उतरतं आल्यामुळे भिंतीलगत ताठ उभं राहता येत नाही. वरचा माळा उन्हाळ्यात दुपारी तापतो आणि तिथं चढायला बहुधा उभी शिडी असते. रात्री स्वच्छतागृहाला उठणाऱ्या ज्येष्ठांना किंवा लहान मुलांना वर झोपवू नका. कंटेनरच्या पत्र्याला आतून अस्तर आहे का, हे विचारा. अस्तर नसेल तर थंडीत श्वासाची वाफ पत्र्यावर निवून तिचं पाणी होतं आणि पहाटे थेंब थेंब अंथरुणावर पडते. बांबूची झोपडी हवेशीर असते. तिच्या फटींतून हवा येते तसे किडे आणि पालीही येतात, म्हणून तिथे मच्छरदाणी हवीच. आमची पसंती साध्या, कौलारू किंवा जाड छपराच्या, जमिनीपासून फूट-दोन फूट उंच जोत्यावरच्या लाकडी खोलीला.

दारं कुठल्या दिशेला आहेत, हेही बघा. इथला पावसाचा वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून झोडपतो. पश्चिमेला उघडा व्हरांडा असेल तर जून-जुलैत तो वापरता येत नाही आणि दाराखालून पाणी आत येतं.

मालकाला फोनवर हे विचारा: स्वच्छतागृह खोलीला लागून आहे की सामाईक, आणि सामाईक असेल तर किती खोल्यांत? गरम पाणी कशावर, विजेवर, सूर्यबंबावर, चुलीवर की गॅसवर? वीज गेल्यावर काय सोय? डांबरी रस्ता सोडल्यावर किती अंतर कच्चा रस्ता, आणि तिथे बुटकी गाडी जाते का? रात्री जागेवर कोण राहतं? शेवटचा प्रश्न सगळे विसरतात. रात्री अकराला कुणी पडलं-झडलं तर रस्ता दाखवणारा स्थानिक माणूस जागेवर असणं, हे केबिनच्या सजावटीपेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

पैशांबाबत: व्हिडिओ कॉल करून जागा दाखवायला सांगा. पैसे पाठवताना समोर दिसणारं नाव आणि मालकाने सांगितलेलं नाव एकच आहे का ते तपासा. पूर्ण रक्कम आधी देऊ नका. पाव ते अर्धी आगाऊ आणि बाकी पोहोचल्यावर, असा व्यवहार इथे सर्रास चालतो. रद्द केल्यास किती परत मिळतील, ते लेखी, निदान संदेशात तरी, घ्या.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सासूबाईंना घेऊन जातोय. त्यांना थंडी सोसत नाही. केबिनमध्ये कोळशाची शेगडी ठेवली तर चालेल का? मालक द्यायला तयार आहेत.
— नाशिकहून एक वाचक भगिनी

नाही. कृपया ठेवू नका, आणि मालकांनाही देऊ देऊ नका.

जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळेही चुरचुरत नाहीत. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. माणसाला आधी डोकं जड वाटतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपेतच शुद्ध हरपते. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, हा समज चुकीचा आहे. धूर थांबून कोळसा नुसता लाल निखाऱ्यावर आला, की हवा अपुरी पडते आणि हा वायू उलट भरपूर तयार होतो. एक खिडकी किलकिली ठेवून भागत नाही. शेगडी बाहेर अंगणात पेटवा, शेकत बसा, झोपताना पाणी ओतून विझवा आणि बाहेरच राहू द्या.

हाच धोका न्हाणीघरातल्या गॅस गिझरचा आहे. छोट्या, दार-खिडकी बंद न्हाणीघरात गिझर चालू ठेवून आंघोळ केल्याने माणसं दगावली आहेत. पोहोचल्याबरोबर बघा: गिझर न्हाणीघराच्या आत आहे का? धुराडं बाहेर काढलंय का? वर झरोका आहे का? शंका असेल तर दार सताड उघडं ठेवून बादल्या भरून घ्या, गिझर आणि सिलिंडर दोन्ही बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग आंघोळीला जा. कुणाला चक्कर आली, डोकं दुखू लागलं तर ‘पित्त झालं असेल’ म्हणून पडून राहू देऊ नका. आधी उघड्यावर आणा, मग रुग्णालयात न्या.

सासूबाईंच्या उबेची सोय याहून सोपी आहे. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे पारा दहा अंशांच्या खाली जाऊ शकतो, पण गारठा अंगात शिरतो तो मुख्यतः खालून. अंगावर तिसरं पांघरूण घेण्याआधी गादीखाली एक जाड सतरंजी आणि वर एक घोंगडी अंथरा. झोपण्याआधी दिवसभराचे कपडे बदला, कारण घामाने किंचित ओलसर झालेला सदराही रात्रभर थंडी देतो. कोरडे लोकरी मोजे, कानटोपी, आणि कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची रबरी पिशवी पायाशी. ती रात्री नऊला भरली तर मध्यरात्रीपर्यंत पुरते. थर्मासमध्ये गरम पाणी ठेवलं तर पहाटे पुन्हा भरता येते. मधुमेह असेल तर पायाला पिशवी थेट टेकू देऊ नका, चटका कळत नाही.

आम्ही ८ मोठी माणसं आणि ४ मुलं. शुक्रवारी रात्री पोहोचणार, रविवारी दुपारी निघणार. स्वयंपाक स्वतः करायचा आहे. शिधा, पाणी, गॅस किती न्यावा?
— ठाण्याहून एक वाचक

सगळं स्वतः करू नका, एवढं आधी सुचवतो. शनिवारचं दुपारचं जेवण गावात सांगा. शेंडी, मुरशेत, रतनवाडीत घरगुती जेवण मिळतं: भाकरी, पिठलं किंवा रस्सा, ठेचा, भात. आदल्या दिवशी फोन करून माणसांचा आकडा द्या. तुमच्या गटातल्या बायकांचा सगळा दिवस चुलीपुढे जात नाही आणि गावात चार पैसे राहतात.

चार मुलं म्हणजे दोन मोठी माणसं धरून दहा जणांचा हिशेब. शुक्रवारी रात्री घरून आणलेल्या दशम्या, चटणी, लोणचं. पोहोचायला उशीर होतोच, तेव्हा अंधारात चूल मांडायला लावू नका. शनिवारी सकाळी पोहे: माणशी ७५ ग्रॅम, म्हणजे पाऊण किलो, पाच कांदे, मूठभर शेंगदाणे. रात्री मुगाची खिचडी: माणशी ८० ग्रॅम तांदूळ आणि ३० ग्रॅम डाळ, एकूण ८०० आणि ३०० ग्रॅम, पाणी चार लिटर. इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो तो भांड्यात. घरचा पाच लिटरचा कुकर या खिचडीला पुरत नाही. डाळ-तांदूळ शिजवताना कुकर निम्म्याहून जास्त भरायचा नसतो, नाहीतर फेस वर येऊन शिटीचं भोक तुंबतं. दहा लिटरचा कुकर किंवा आठ लिटरचं झाकणाचं पातेलं घ्या. रविवारी उपमा: ६०० ग्रॅम रवा घरूनच भाजून आणा, पाणी सुमारे दोन लिटर. चहाला दिवसाला दीड लिटर दूध पुरेल, ते शेंडीत घ्या.

पिण्याचं पाणी माणशी रोज तीन लिटर धरा. बारा जणांना ३६ लिटर होतात, म्हणजे २० लिटरचे दोन जार रोज. स्वयंपाकाला आणि भांड्यांना आणखी चाळीसेक लिटर लागतील, ते केबिनच्या टाकीतलं चालेल. जलाशयाचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी उकळल्याशिवाय पिऊ नका.

एवढ्या स्वयंपाकाला शेगडी दोन दिवसांत मिळून चार-पाच तास पेटेल. मोठा बर्नर तासाला साधारण १५० ते २०० ग्रॅम गॅस घेतो, म्हणजे एक किलोच्या आसपास. पाच किलोचा छोटा सिलिंडर निवांत पुरतो. रेग्युलेटर त्याला बसतो का ते घरीच बघा आणि सांध्यावर साबणाचं पाणी लावून गळती तपासा. सिलिंडर गाडीत उभा ठेवा. रेल्वेने जाणार असाल तर तो नेताच येत नाही, तेव्हा केबिनमालकाकडचाच वापरा. हल्ली मिळणाऱ्या लांबट डब्यांच्या चुलींवर बारा जणांचा स्वयंपाक अवलंबून ठेवू नका. त्यांत बहुधा ब्युटेन असतो आणि तो शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचाच थांबतो. सात-आठ अंशांच्या पहाटेही जाळ मंद पडतो आणि चहाला अर्धा तास लागतो. डबा रात्री पांघरुणाजवळ ठेवला तर सकाळी बरा चालतो. पण त्याला आच दाखवून गरम करू नका, तो फुटतो.

मुलं पट्टीची पोहणारी आहेत. धरणाच्या पाण्यात उतरू द्यावं का?
— संगमनेरहून एक वाचक

नको. तरण तलावात पोहणं आणि इथलं पाणी यांत फार फरक आहे. काठ एकसारखा उतरत जात नाही. पाण्याखाली जुने बांध, नाल्यांचे खड्डे आहेत, आणि कमरेएवढ्या पाण्यातून पुढचं पाऊल थेट खोलात पडतं. गाळात पाय अडकला की पोहता येण्याचा उपयोग राहत नाही. नौकाविहार करा, पण अंगात जीवरक्षक जाकीट असेल तरच, आणि त्याचे सगळे पट्टे आवळून. मुलांना मोठ्यांचं जाकीट चालत नाही. पाण्यात पडल्यावर ते डोक्यावरून निसटतं. मुलांच्या मापाची जाकिटं नसतील तर नावेत बसू नका. वारा सुटल्यावर आणि दिवस मावळल्यावर तर नाहीच.

एका दिवसात कळसूबाई, रतनगड आणि सांदण दरी होईल का?
— पुण्याहून एक वाचक

तिन्हींपैकी एक निवडा. कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. बारी गावातून चढायला तीन ते साडेतीन तास लागतात, अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. सुट्टीच्या दिवशी शिड्यांपाशी रांग लागते आणि तिथेच वेळ जातो, म्हणून पहाटे पाचला पायथ्याशी असा, माणशी दोन लिटर पाणी घ्या, आणि उन्हं तापायच्या आत उतरा. नवरात्रात वरच्या देवीला भाविकांची मोठी गर्दी असते, ते नऊ दिवस टाळलेले बरे.

रतनगडाला रतनवाडीतून वर जायला तीन-चार तास. दाट जंगल, शिड्या, वर गुहा आणि नेढं, म्हणजे खडकातलं आरपार भोक. वाट फुटते त्या ठिकाणी चुकायला होतं, त्यामुळे गावातला वाटाड्या घ्या. चढाई झेपणार नसेल तर पायथ्याचं अमृतेश्वराचं मंदिर सावकाश बघा. त्याचं कोरीवकाम घाईत बघण्यासारखं नाही.

सांदण दरी साम्रद गावाजवळ. पावसाळ्यात तिच्यात उतरायचंच नाही, सगळं पाणी त्याच भेगेतून वाहतं. हिवाळ्यातही आत गुडघाभर, कमरेभर पाण्याचे टप्पे लागतात. मुलांसह गेलात तर दोर न लावता जिथवर जाता येतं तिथूनच परत फिरा. दगड सुटे आणि शेवाळलेले असतात. अवकाळी पावसाचं आभाळ दिसलं तर बेत रद्द करा.

रंधा धबधबा बघायला जाणाऱ्यांसाठी एक सूचना: पावसाळा संपल्यावर त्याला पाणी असतं ते धरणातून सोडलेलं असेल तेव्हाच. धरणाच्या पायथ्याचा अम्ब्रेला धबधबाही तसाच. निघण्याआधी गावात फोन करून विचारा.

काजवे बघायला कधी यावं?
— डोंबिवलीहून एक वाचक

मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा पहिला पंधरवडा. वळवाच्या एक-दोन सरींनंतर सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर ते हजारोंनी दिसतात. जोराचा पाऊस सुरू झाला की खेळ आटोपतो. अमावास्येच्या आसपासचे दिवस धरा. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरावं लागतं आणि रात्रीच्या वेळांचे नियम असतात. काजव्याचं लुकलुकणं हे नर-मादीचं एकमेकांना शोधणं आहे. गाडीचे दिवे, मोबाइलची विजेरी, कॅमेऱ्याचा झोत त्यात थेट व्यत्यय आणतात. विजेरीवर लाल कागद लावा आणि ती जमिनीकडेच धरा. झाडाखालच्या गवतात पाऊल टाकू नका, माद्या बऱ्याचदा तिथेच असतात. आपल्या गर्दीनेच हे झाड पुढच्या वर्षी अंधारात राहील, अशी वेळ आणू नये.

केबिनमध्ये साप-विंचू निघतात का? काय काळजी घ्यावी?
— मुंबईहून एक वाचक भगिनी

निघू शकतात. सर्वांत जपायचं ते मण्यारीला. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पांघरुणात शिरते, आणि तिचा दंश एवढा बारीक असतो की झोपमोडही होत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात, बोलणं जड होतं. असं काही दिसलं तर दाताची खूण शोधत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

उपाय साधे आहेत. जमिनीवर झोपू नका. खाट भिंतीपासून वीतभर दूर ओढा, मच्छरदाणीची कड गादीखाली चारही बाजूंनी खोचा. मच्छरदाणीने डासांइतकाच सापापासूनही बचाव होतो. खरकटं खोलीत ठेवलं की उंदीर येतात आणि त्यांच्यामागे साप. बूट घालण्याआधी उलटे करून झटका. लाकडं उचलताना हात घालण्याआधी काठीने हलवा. रात्री बाहेर पडताना विजेरी आणि बंद बूट, अगदी दहा पावलांवर जायचं असलं तरी.

दंश झालाच तर चिरा देऊ नका, चोखू नका, आवळून बांधू नका. अंगठ्या, बांगड्या, पैंजण काढा, सूज आल्यावर ते रुततात. हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर करा, माणसाला चालवू नका, दंशाची वेळ लक्षात ठेवा. १०८ ला फोन करा, आणि रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल तर आपल्या गाडीने राजूर किंवा घोटीच्या ग्रामीण रुग्णालयाकडे निघा. निघतानाच तिथे फोन करून सापाची लस आहे का ते विचारा. या दोन्ही रुग्णालयांचे फोन क्रमांक घरून निघण्याआधी कागदावर लिहून घ्या.

ठाण्याहून कुठल्या रस्त्याने यावं? मोबाइलला रेंज मिळते का? गाडी विजेवरची आहे.
— ठाण्याहून एक वाचक

जुना रस्ता कसारा घाटातून इगतपुरी, घोटी आणि तिथून बारीमार्गे शेंडी. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा शेवटचा टप्पा खुला झाला, तेव्हापासून कसारा घाट टाळता येतो. मात्र समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही. रेल्वेने यायचं तर इगतपुरीला उतरा आणि पुढची गाडी आधी ठरवून ठेवा, रात्री वाहन मिळेलच असं नाही.

विजेवरची गाडी इगतपुरी-घोटीच्या पट्ट्यात पूर्ण भरून घ्या. जलाशयाला वळसा घालणारा रस्ता साधारण चाळीस किलोमीटरचा, चढउताराचा आहे. तो, परतीचा रस्ता आणि वर थोडी शिल्लक, एवढा हिशेब धरा. केबिनमधल्या साध्या प्लगवर गाडी लावण्याआधी मालकाला विचारा. तिथली वायरिंग बहुधा दिवे-पंख्यांपुरतीच असते आणि रात्रभराच्या भाराने तापते.

शेंडीत रेंज बरी असते. रतनवाडी, साम्रद, घाटघरकडे ती जाते-येते, काही ठिकाणी नसतेच. नकाशा आधी उतरवून ठेवा, पोहोचण्याची वेळ घरी सांगा, रोख रक्कम जवळ ठेवा. शेंडीच्या पुढे जाणार असाल तर केबिनमालकाला रेंज असतानाच फोन करा आणि शेवटच्या वळणाची खूण विचारून घ्या. रात्री त्या रस्त्यावर पाट्या दिसत नाहीत.